आमची वाटचाल : दुपटी, गोधड्या आणि शनिवारचे स्वयंपाकघर

आमचा व्यवसाय 2011 साली गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या घराच्या पडवीत सुरू झाला आणि आजही तो त्याच पडवीत आहे, हे मी संकोचाने नव्हे तर अभिमानाने सांगते. आम्ही तान्ह्या बाळांसाठी दुपटी, झबली, टोपरी, कुंच्या आणि लंगोट शिवतो, जुन्या साड्यांच्या गोधड्या करतो, नाचणीचे सत्त्व विकतो आणि दर शनिवारी लहान मुलांना त्यांच्या आईसोबत किंवा आजीसोबत शिवण आणि स्वयंपाक शिकवतो. या चार कामांचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. ज्या घरात लहान मूल असते तेथे ही चारही कामे एकाच दिवशी आणि बहुधा एकाच बाईच्या हातून होतात, त्यामुळे आम्हाला तो प्रश्न कधी पडला नव्हता.

भांडवल म्हणजे सासूबाईंचे उषाचे पायमशीन. काळे लोखंडी अंग, सागवानी टेबल आणि चामड्याचा पट्टा असलेले हे मशीन आमच्याकडे आजही चालू आहे आणि दुपट्याची कड दुमडण्याचे काम मी अजूनही त्याच्यावरच करते. मोटरवरच्या मशीनला वेग आहे, पण मलमलीसारख्या विरळ कापडाला वेग मानवत नाही. दाते कापड ओढतात, टाका चुणतो आणि बाळाच्या अंगाला लागणारी कड टोचरी होते. पायाखाली पायटा असला की कोपऱ्यावर एकेक टाका मोजून घालता येतो. मलमलीला 11 नंबरची सुई, साध्या सुती कापडाला 14 नंबरची, गोधडीच्या जाड थरांना 16 नंबरची, आणि सुई मोडेपर्यंत न थांबता तिचे टोक बोथट होताच ती बदलायची, हा आमच्या पडवीचा नियम आहे. गोव्याच्या पावसाळ्यात चामड्याचा पट्टा ढिला पडतो, बॉबिन केसवर गंज धरतो आणि तेलाचा एक थेंब जास्त झाला तर पांढऱ्या झबल्यावर डाग उठतो. म्हणून जून ते सप्टेंबर रोज सकाळी पहिली शिलाई चिंधीवर होते, मालावर नाही.

कापणीचे सगळे काम माझ्या जाऊबाईंचे. आरंभी आम्ही दोघीच होतो; त्या बेतायच्या आणि मी शिवायची. कापड आम्ही चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन आणत असू, कारण तेथे ठाण घेतले तर भाव बरा पडतो आणि दुकानदार ताग्याचा शेवटचा तुकडा गळ्यात मारत नाही. आणलेले कापड कापण्यापूर्वी गरम पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून, इस्त्री करून मगच जाऊबाई त्यावर खडू टेकवतात. न धुतलेल्या सुती कापडाचे झबले पहिल्या धुण्यात आखडते आणि दोष शिवणाऱ्याला लागतो. ज्यांना घरी शिवायचे आहे त्यांनीही निदान एवढे करावे. आणखी एक गोष्ट कोणी विचारली नसली तरी सांगते: बाळाच्या कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांतील नॅप्थलिनमुळे काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. कडुनिंबाची सुकी पाने आणि कपाटाला अधूनमधून दाखवलेले ऊन पुरेसे असते.

पुढची काही वर्षे व्यवसाय बरा चालला. वास्कोच्या सप्ताहाची फेरी, म्हणजे उत्सवातला बाजार, आणि पणजीची अष्टमीची फेरी येथे आम्ही दुकान मांडत असू, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही बसत असू. त्या वर्षांबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे आहे ते डिचोलीच्या बाईंबद्दल. त्या मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका असून त्यांना आम्ही सगळे नुसते बाई म्हणतो. म्हापशाच्या बाजारात त्यांनी आमचे दुपटे हातात घेतले, उलटे केले, चष्मा वर सरकवून शिवण पाहिली आणि म्हणाल्या, "अगो, सुलट बाजू सगळेच चांगली करतात. बाळाच्या अंगाला लागते ती उलट बाजू." त्या दिवशी त्यांनी काही घेतले नाही. पुढच्या महिन्यात त्या फोंड्याला आमच्या घरीच आल्या, आपल्या आईच्या नऊवारी साड्या घेऊन, आणि पहिल्या नातवासाठी गोधडी करून मागितली. आजवर त्यांच्या प्रत्येक नातवंडाला आमची गोधडी गेली आहे, शिवाय त्यांच्या शाळेतल्या कितीतरी जुन्या विद्यार्थिनींच्या घरीही. त्या कधी भाव करत नाहीत, उधारी ठेवत नाहीत आणि दोष काढल्याशिवाय जात नाहीत. धावदोऱ्याच्या दोन रांगांतले अंतर एका बोटापेक्षा जास्त झाले की धुताना आतले थर गोळा होतात, हे त्यांनी दाखवले, आणि तेव्हापासून आमच्या गोधडीवर बोटभर अंतरच असते. दुपट्याच्या आतल्या शिवणीची मोकळी कड दुमडून दुसऱ्यांदा शिवण्याची पद्धतही त्यांच्या त्या पहिल्या वाक्यानंतरच आली. असे गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागते.

आता एका व्यापाऱ्याबद्दल. त्याचे नाव मी लिहिणार नाही. फोंड्यापासून पणजीपर्यंत आमच्या धंद्यातील माणसांना ते ठाऊक आहे. पणजीत पर्यटकांची वर्दळ असते तेथे त्याचे देखणे दुकान होते आणि 2015 पासून तो आमचा माल घाऊक भावाने घेत असे. दुपट्याच्या कोपऱ्यात हळदीच्या पानाची वेल हाताने भरायची ही कल्पना जाऊबाईंची. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत परसातल्या हळदीची पाने समोर ठेवून त्यांनी ती काढली होती, आणि लोक आमचा माल त्या पानावरून ओळखू लागले होते. 2018 च्या पावसाळ्यानंतर त्याने नाताळच्या हंगामासाठी मोठी मागणी नोंदवली. त्या भरवशावर आम्ही कर्ज काढून कापडाची कड बांधणारे ओव्हरलॉक मशीन घेतले, शेजारच्या वाड्यावरील बायकांना कामाला लावले, त्यांची मजुरी आमच्या खिशातून दिली आणि माल वेळेत पोहोचवला. पैसे नाताळनंतर देतो म्हणाला, मग कार्निव्हालनंतर, मग शिगमो झाल्यावर. शिगमोही झाला आणि एके दिवशी मालाचा मोठा भाग, घड्या मोडलेला आणि उन्हाने पिवळा पडलेला, गोणीत भरून आमच्या दारात आला. खप नाही, असा निरोप होता.

खप नव्हता हे खरे नव्हते. त्याच दुकानाच्या काचेत आमच्याच बेताची दुपटी टांगलेली होती, कोपऱ्यात हळदीचे पानही होते, फक्त ते यंत्राने भरलेले होते आणि आमचे दुपटे 350 रुपयांना होते तेथे हे 190 रुपयांना होते. खाली पाटी तीच: गोव्यात घरी शिवलेले. बाईंना हे कळले तेव्हा त्या स्वतः पणजीला गेल्या, ते 190 रुपयांचे दुपटे विकत घेऊन आमच्याकडे आल्या आणि त्याचा एक धागा उसवून पडवीतच काडी लावली. सुती धागा जळला की कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. हा धागा वितळून आखडला आणि शेवटी काळा टणक मणी राहिला. पॉलिएस्टर. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत सहज धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मे महिन्यात गोव्यात त्या दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या मानेवर घामोळे उठणार नाही तर काय होणार? पण काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला हे दिसत नाही, आणि त्याला भाव तेवढा दिसतो.

पानाच्या नकलेविरुद्ध काही करता येईल का, हे आम्ही एका वकिलांना विचारले. डिझाइन कायदा 2000 सालचा आहे आणि संरक्षण हवे असेल तर वस्तू बाजारात येण्यापूर्वीच नक्षीची नोंदणी करावी लागते, असे त्यांनी सांगितले. परसातले पान दुपट्यावर भरणाऱ्या बाईने आधी अर्ज भरावा आणि मग सुईत दोरा ओवावा, अशी ही अपेक्षा मला आजही न्यायाची वाटत नाही. पैशांच्या बाबतीत मात्र कायदा आमच्या बाजूचा निघाला. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात आणि न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढ होत जाणारे व्याज लागते. कर्जाच्या वेळी केलेली उद्योग आधारची, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी, नोंदणी आमच्याजवळ होती. कलमांचा उल्लेख करून पाठवलेल्या नोटिशीनंतर तो मुद्दल हप्त्याहप्त्याने देऊ लागला. व्याज त्याने आजवर दिलेले नाही. पडवीत धंदा करणाऱ्या प्रत्येक भगिनीला माझे सांगणे आहे की, ही नोंदणी, जी आता उद्यम नावाने फुकट होते, पहिला घाऊक माल देण्याआधी करून घ्यावी आणि प्रत्येक बिलावर तिचा क्रमांक लिहावा.

हे हप्ते चालू असतानाच मार्च 2020 ची टाळेबंदी आली. फेऱ्या बंद, बाजार बंद, पर्यटक नाहीत. आम्ही मुखपट्ट्या शिवून मजुरी भागवली, तशी तेव्हा प्रत्येक शिवणघराने भागवली. जे थोडे सावरले होते ते 1 जानेवारी 2021 पासून पुन्हा ढासळले, कारण त्या दिवसापासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आणि तेव्हा आम्ही करत असलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या व कापडी हत्ती दुकानदारांनी रातोरात परत केले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना सूट आहे, हे आम्ही कागद दाखवून सांगत होतो. जाऊबाईंनी पहचान कार्डासाठी, म्हणजे कारागिराच्या ओळखपत्रासाठी, अर्जही केला. पण दुकानदाराला दंडाची भीती असते आणि तो वाचत बसत नाही. त्या वर्षी ओव्हरलॉक मशीन विकण्याची बोलणीही झाली होती. गिऱ्हाईक ठरले होते, जाऊबाईंनी नकार दिला.

बाहुली विकता येत नव्हती, पण शिकवता येत होती. शाळा बंद होत्या, मुले घरात कंटाळली होती, आणि बाईंनीच निर्बंध सैल होताच आपल्या दोन नातवंडांना घेऊन येण्याचा हट्ट धरला. तेथून आमचे शनिवार सुरू झाले. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाती आम्ही प्रथम भोके पाडलेला पुठ्ठा आणि बुटाची नाडी देतो, नंतर मॅटीचे जाड, मोकळ्या विणीचे कापड आणि बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई. दोरा मुलाच्या हाताच्या लांबीचाच घ्यावा. आई लांब दोरा ओवते, तो गुंततो आणि मूल उठून जाते. दोरा नेढ्यापाशीच गाठवून टाकला की सुई दर दोन मिनिटांनी रिकामी होत नाही. धावदोरा आला की साखळी टाका, साखळी आली की बटण. आणि बटण फक्त मोठ्या मुलांच्या वस्तूवर, कारण तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यावर बटण, मणी किंवा टिकली असूच नये.

शिवणाला बसलेले मूल लवकर चुळबुळ करू लागते, म्हणून स्वयंपाकघर जोडले गेले, आणि आता काही मुले केवळ त्यासाठीच येतात. श्रावणात पातोळ्या हा त्यांचा सर्वांत आवडता पदार्थ. भिजवलेल्या तांदळाचे वाटण हळदीच्या पानावर बोटांनी पसरायचे, मध्ये ओले खोबरे आणि माडाचा गूळ यांचे चून भरायचे आणि पान मधल्या शिरेवर दुमडायचे. चुलीजवळ जाण्याचे काम मोठ्यांचे, बाकी सगळे मुलांचे. पीठ जाड पसरले तर पातोळी कच्ची राहते, फार पातळ पसरले तर पानाला चिकटते, आणि हे मुलाला सांगून कळत नाही, पान सोलताना कळते. चवथीपूर्वी नेवऱ्यांना (करंज्यांना) मुरड घालतात, दिवाळीत दुधातले फोव (पोहे) आणि ताकातले फोव कालवतात. त्यांच्या हाताला बेतशीर असे छोटे पोळपाट-लाटणे आम्ही कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांकडून, म्हणजे लाकडी वस्तू घडवून रंगवणाऱ्या कारागिरांकडून, आणवले. प्लॅस्टिकचे लाटणे हलके असते आणि पिठावरून नुसते घसरते, ते कोणी विकत घेऊ नये.

नाचणीचे सत्त्व ही जाऊबाईंची स्वतंत्र बाजू आहे. नाचणी रात्रभर भिजवून, पंचात बांधून मोड आणून, वाळवून, मंद भाजून, दळून वस्त्रगाळ करायची. याचे तिजण, म्हणजे पातळ लापशी, आम्हाला डब्यातल्या पावडरीपेक्षा सरस वाटते; 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत मात्र बाळाला आईचे दूधच द्यावे, आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, मग घरातील वडीलधारी माणसे काहीही म्हणोत. आमच्या पाकिटावर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक आहे. घरगुती मालावर तो नसतो असा समज करून घेऊ नये.

पणजीतील ते दुकान आता बंद झाले आहे आणि तेथे काजू विकतात. आमच्या दुपट्यावर हळदीचे पान अजून हातानेच भरले जाते. घाऊक माल हवा असलेल्यांनी निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, न खपलेला माल परत घेतला जाणार नाही. गोधडीसाठी साड्या सुती असाव्यात, धुऊन आणाव्यात आणि त्यांचे काठ कापू नयेत, कारण कडेची पट्टी आम्ही त्या काठांचीच लावतो. जून ते सप्टेंबर या काळात गोधडी नीट वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात नोंदवलेली गोधडी दिवाळीनंतरच मिळेल.