बेरीज नऊ

जुनी अँबॅसिडर दुपारी दारात येऊन थांबली की बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू येते. लोकांना ती खुपते. पण त्या १,४८९ सीसी इंजिनाचं ते नुसतं बोलणं आहे. काळजी करायची ती टिकटिक बंद झाल्यावर.

व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर फट हवी. वाढली तर टॅपेट वाजतं, म्हणजे तीच टिकटिक वाढते, ओढ जरा कमी होते, एवढंच. व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे टेकायच्या कड्यात, बसत जातो तशी फट घटते, तेव्हा मात्र कान सुखावतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारा) जळतो. त्याची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच निघून जाते. नीट टेकायलाच मिळालं नाही, तर विस्तवावर राहिलेल्या भाकरीसारखी कड करपते.

ही फट सेट करायची तर इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. गाडी आणून तासाभरात पाना काढणाऱ्यांचं कौतुक वाटतं, पण अनुकरण करू नये. चारही प्लग काढले की सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) जातो, मग हँडलने किंवा टॉप गिअरमध्ये गाडी ढकलून इंजिन अलगद फिरतं. रॉकर कव्हरचे दोन नट काढायचे.

आता या कामातली खरी गंमत. रेडिएटरकडून व्हॉल्व्ह मोजायचे, एक ते आठ. आठवा पूर्ण दाबलेला, म्हणजे उघडा, असताना पहिला सेट करायचा. सहावा दाबलेला असताना तिसरा. चौथ्याला पाचवा, सातव्याला दुसरा. मग याच जोड्या उलट. बेरीज दर वेळी नऊ. वही लागत नाही, टीडीसीची, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचल्याची, खूण शोधावी लागत नाही.

रॉकरवरचा लॉकनट सैल करून स्क्रू फिरवायचा. फट मोजायच्या गेजचं पंधरा थाऊचं पातं तेलाच्या बोटाने पुसून घ्यावं, म्हणजे हाताला नीट कळतं: ते किंचित अडत सरकायला हवं. शंका आली तर चौदाचं सहज जायला हवं, सोळाचं अडायला हवं. लॉकनट आवळताना स्क्रूड्रायव्हर धरून ठेवावा, कारण स्क्रूही सोबत फिरतो आणि एक-दोन थाऊ हरवतात. आवळल्यावर पुन्हा मोजायचं. इथेच सगळे आळस करतात.

तरी एखादं टॅपेट वाजतच राहतं. रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असतो. सपाट पातं त्या खळग्यावरून पुलासारखं जातं. गेज पंधरा सांगतो, खरी फट जास्तच असते. तिथे स्क्रू पिळत बसू नये, रॉकर बदलावा.

रॉकर कव्हरखालचं कॉर्कचं गॅस्केट नवं टाकावं, पण नट जोर लावून आवळू नयेत. कव्हर वाकतं, कॉर्क चिरडतं आणि तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळतं.

गाडी चालू केल्यावर थोडी टिकटिक असेलच. असू दे.