काही जागा राखीव

आमचा इस्त्रीवाला कपडे वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. परवा दुपारी साड्या कपाटात लावता लावता तो कागद वाचत बसले. आमच्या घराण्याला ही खोडच आहे, भेळेचा कागदसुद्धा आम्ही दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय टाकत नाही. पान नेमकं 'आजचे कार्यक्रम'चं होतं. एक पुस्तक प्रकाशन, एक मधुमेह शिबिर, ज्येष्ठ नागरिकांची कोजागरी आणि त्यांच्या मध्ये दोन ओळींत व्हायोलिनवादन. सायंकाळी साडेसहा. प्रवेश विनामूल्य. काही जागा राखीव. सभागृह आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. तारीख अर्थातच उलटून गेलेली.

म्हणजे त्या संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत असेन तेव्हा तिकडे कुणीतरी यमन वाजवत असणार. वारा उलटा असता तर ऐकूही आला असता.

पुण्यात राहून गाणं चुकतं असं कुणाला सांगायची सोय नाही. लोक हसतात. इथे म्हणे दगड उचलला की मैफल निघते. निघते, पण दुसऱ्या दिवशी! सकाळच्या पेपरात फोटोसह येते, 'रसिक मंत्रमुग्ध'. फोटोत पुढच्या रांगेत आपल्याच सोसायटीतले दोघं मान डोलावताना दिसतात. कार्यक्रमाआधी दोन ओळी आणि झाल्यावर अर्धं पान, हा हिशेब मला आजवर कळलेला नाही.

सवाई गंधर्व महोत्सवाची गोष्ट सोडा. 1953 साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला, आणि आता डिसेंबर जवळ आला की न जाणाऱ्यालाही कळतं. स्वेटर बाहेर निघतात, भिंतीवर तारखांभोवती गोल पडतात. दिवाळी पहाटही चुकवता येत नाही, चौकाचौकात फ्लेक्स लागलेले असतात. हुलकावणी देतात ती छोटी गाणी. कुणाच्या गुरुपौर्णिमेची, कुणाच्या पुण्यतिथीची, शंभर खुर्च्यांच्या हॉलमधली. आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडतात. गवयाचा श्वास ऐकू येतो, आणि मध्यंतरात चहा घेताना तबलजी शेजारी उभा असतो.

फोनवर निमंत्रणं येतात, नाही असं नाही. त्यात प्रायोजकांचे फोटो गायकापेक्षा मोठे आणि खाली 'येत्या शनिवारी'. कुठला शनिवार? ते चित्र किती हातांतून फिरून आपल्यापर्यंत आलंय कोण जाणे. आमच्या भजनाच्या ग्रुपवर असलं काही हमखास रविवारी सकाळी येतं, खाली दोन नमस्कार आणि 'कुणी जाऊन आलं का?'

दुसरी तऱ्हा दोन-दोन महिने आधी तिकीट काढून ठेवायची. मुलगी म्हणते, "आई, अ‍ॅप टाकून देते, सगळं कळेल." कळतं खरं. पण दोन महिन्यांनंतरच्या शुक्रवारी मला गाणं ऐकावंसं वाटेल की घरात गोडा मसाला करायचा घाट घातलेला असेल, हे आज कसं सांगणार? तो दिवस उजाडेपर्यंत गाण्याला डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटची कळा येते. मला विचाराल तर मैफल कळावी त्याच दिवशी, दुपारी चारच्या सुमारास. साडी बदलायला, कुकर लावायला आणि बसने पोचायला पुरेल इतकाच वेळ हाताशी असावा.

ही चारची सवय मिरजेची. आजोळ तिथलं. आजोबा शाळामास्तर, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. दुपारची झोप झाली की अण्णा टोपी घालून सतारमेकर गल्लीत निघायचे आणि सुट्टीत मी त्यांच्या मागे. मिरजेची तंतुवाद्यं दीडेकशे वर्षांची. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सतारी दुरुस्त करता करता नव्या घडवायला घेतल्या, त्यातले फरीदसाहेब पहिल्या पिढीतले. आता 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय. मला आठवतं ते दुकान मात्र अंधारं. छताला पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि चाचा मांडी घालून तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने हलकेच घासायचा, फुंकर मारायची, तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवायचा आणि तार छेडून डोळे मिटायचे. पुन्हा घासायचं. तार आधी नुसतीच टणत्कारायची आणि मग कुठल्या तरी एका क्षणी गुंजायला लागायची. तो क्षण पकडायचाच असं ठरवून मी बसायची. दर वेळी तो निसटायचा.

अण्णा बाकड्यावर टेकले की चाचा मान वर न करता म्हणायचे, "मास्तर, तंबोरे आलेत."

"कुणाचे?"

"ते नाय सांगितलं. पण काळी चारला लावून पायजेत म्हणाले."

काळी चार म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर, म्हणजे बाई गाणार. अण्णा लगेच हिशेब मांडायचे. कोल्हापुरात देवल क्लबात परवा कोण होतं, सांगली आकाशवाणीवर कोण येणार, वाटेत मिरज जंक्शन कुणाला लागतं. घरी पोचेपर्यंत नाव पक्कं झालेलं असायचं. आजीला फर्मान सुटायचं, आज पिठलंभात. आजी पुटपुटायची, पण बेसन आधीच काढून ठेवलेलं असायचं.

अण्णांचा अंदाज चुकायचाही. एकदा चांगली पिवळीधमक शाल पांघरून ते मला घेऊन गेले आणि तिथे निघालं कीर्तन. तेही आम्ही शेवटपर्यंत ऐकलं.

उरुसाचं वेगळं. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यातच आहे. उरुसात त्यांच्या आठवणीत गाणारे-वाजवणारे येऊन हजेरी लावतात. उरूस चंद्राच्या हिशेबाने, त्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी थंडीत, कधी परीक्षेत. अण्णांना तो कॅलेंडर न बघता माहीत असायचा. माझी गोव्यातली आतेबहीणही अशीच. वास्कोला नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराचा भजनी सप्ताह बसतो, चोवीस तास भजन आणि जोडीला गाण्याच्या बैठकी. "हांव किदें सांगूं तुका, तो आसताच!" असं ती म्हणते. तिच्या मते तिथीलाच गाणं असावं, म्हणजे कुणी कुणाला कळवायला नको.

'काही जागा राखीव' हे प्रकरणही मला जरा खुपतं. कुणासाठी राखीव? पहिल्या दोन रांगांवर कागद चिकटवलेले असतात आणि भैरवीपर्यंत तिथे कुणी फिरकत नाही. मागे लोक भिंतीला टेकून उभे. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनाही बहुतेक कार्यक्रम वेळेत कळत नसावा.

एक बातमी मात्र वेळेत कळते. 2024 च्या जानेवारीत, 9 तारखेला मंगळवारी दुपारी कोलकात्यात गायक रशीद खाँ गेले, पंचावन्नचे होते. शनिवारी 13 तारखेला पहाटे इथे पुण्यात प्रभाताई अत्रे गेल्या. सवाईचा समारोप कैक वर्षं त्यांच्या गाण्याने होत असे, आणि आम्ही दर डिसेंबरला म्हणायचो की पुढच्या खेपेला शेवटपर्यंत थांबू. त्या शनिवारी माझा चहा व्हायच्या आत ती बातमी किती जणांकडून आली! तारीख, वार, वेळ, सगळं बिनचूक. त्यांतल्या एकानेही मला आजवर कुठल्या मैफलीचं कळवलेलं नाही. मी तरी कुठे कुणाला कळवलंय म्हणा.