केळीच्या बागेत मोबाइलने फोटो काढताना

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेत भर दुपारी फोटो काढायचा झाला, तर पानांतून गाळून आलेला उजेड माणसांच्या चेहऱ्यावर हिरवट झाक आणतो आणि फोनचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवणारी सोय) तिथे हमखास गोंधळतो. म्हणून घडांच्या कापणीचे फोटो मी शक्यतो सकाळच्या तिरप्या उन्हात, बांधावर उभा राहून घेतो. लेन्स पुसून घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. चीक लागलेल्या बोटाचा एक ठसा साऱ्या चित्रावर धुरकटपणा पसरवतो.

पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत फोकस व एक्स्पोजर (चित्रातला उजेड) तिथेच स्थिर होतात. त्यानंतर उजेड किंचित उतरवावा, कारण सावलीतला तपशील संपादनात बराचसा परत मिळतो, पण पांढरे फटक पडलेले आकाश मिळत नाही. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या 256 पायऱ्याच असतात, त्यामुळे फोनमध्ये सोय असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी आणि स्नॅपसीड या फोटो-संपादनाच्या ॲपमध्ये आधी हिरवी झाक काढून मगच हायलाइट्सकडे, म्हणजे सर्वांत उजळ भागांकडे, वळावे. सॅच्युरेशनला (रंगांच्या भडकपणाला) मी सहसा हात लावत नाही: घडावरचा पोपटी रंग जरा वाढवला तरी प्लास्टिकचा वाटू लागतो.