डाळिंबाची टरफलं

सोलापुरात डाळिंब सोललं की दाणे वाटीत आणि टरफलं कचऱ्यात. शेजारी केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, बाजारात भगवा जातीच्या डाळिंबांचे ढीग लागतात, आणि तरी चेहऱ्याला लावायची डाळिंबसालीची पुडी आपण ऑनलाइन मागवतो! ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, त्याच्याइतकं चांगलं वाळवणयंत्र पैसे देऊनही मिळायचं नाही.

हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा सरताना आलेल्या फुलांची, फळं फेब्रुवारी ते एप्रिलात येतात, म्हणजे साल आणि ऊन एकाच वेळी हजर. तेल्या या डाळिंबावरच्या रोगाचे काळे, तडकलेले डाग असलेली साल घेऊ नये. तो रोग माणसाला लागत नाही, पण तडकलेल्या जागी बुरशी लवकर धरते, शिवाय अशा बागेत फवारण्याही जास्त झालेल्या असतात. फळ धुवायचं ते कापण्याआधी, वाहत्या पाण्याखाली चोळून. कापल्यावर धुतलं तर साल पाणी पिते आणि वाळायला रडवते. चिकटलेले दाणे आणि पडदे काढून टाकावेत, नाहीतर मुंग्या वाट शोधत येतात. बोटभर पट्ट्या कापून गच्चीवर किंवा माळवदावर सुती कापडावर पसरायच्या, वरून पातळ ओढणी. एप्रिलात तीन-चार दिवसांत पट्टी कटकन मोडते. वाकली, तर अजून कच्ची आहे आणि बरणीत गेली की हमखास बुरशी. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये. अर्धा किलो ओल्या सालीची साधारण दीडशे ग्रॅम सुकी साल उरते.

मिक्सर थांबत थांबत फिरवावा. पुढची पायरी कंटाळवाणी, म्हणून बहुतेक जण ती गाळतात: पूड वस्त्रगाळ करणं. पिठाच्या चाळणीतून आलेली पूड बोटाला मऊ लागते, गालाला नाही. सालीचे कण टोकदार असतात, चोळलं की ओरखडे उठतात आणि दोष डाळिंबाला लागतो.

लेपासाठी एक चमचा पूड, दोन चमचे मसूर डाळीचं पीठ आणि मावेल तेवढं सायीचं दही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. चेहऱ्यावर दहा मिनिटं पुरे; लेप तडकेपर्यंत बसणं म्हणजे उगाच तप. सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे ती तुरट आणि त्वचा आवळणारी. तेलकट त्वचेला ते बरं वाटतं, पण इथल्या कोरड्या वाऱ्यात रोज लावलं तर गाल खरखरीत होतात. आठवड्यातून एकदा बस्स, आणि धुतल्यावर ओलसर चेहऱ्यावर करडईच्या तेलाचे दोन थेंब. लिंबू मात्र पिळू नये. त्याच्या आम्लाने आग होते, आणि रस लागलेली त्वचा उन्हात गेली की काळे चट्टे पडू शकतात. कालवलेला लेप उरला तर फेकायचा. कोरडी पूड कोरड्या चमच्याने काढली तर तीन-चार महिने टिकते.

लोखंडाशी या सालीचं जमत नाही. किंवा फारच जमतं म्हणा! टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो, जुन्या काळी शाई याच मेळातून करत. म्हणून चेहऱ्याचा लेप स्टील किंवा काचेच्या वाटीत कालवायचा. केसांच्या मेंदीला मात्र हाच दोष गुण ठरतो. शंभर ग्रॅम मेंदी, दोन चमचे सालीची पूड, लागेल तसं कोऱ्या चहाचं पाणी, सगळं लोखंडी कढईत रात्रभर. साध्या मेंदीपेक्षा रंग गडद येतो. पांढऱ्या केसांवर तो काळाभोर नव्हे, तपकिरीकडे झुकणारा असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. खांद्यावर जुना टॉवेल घ्यावा. आवडती सोलापुरी चादर लांब ठेवावी. सुतावर रंग पक्का बसावा म्हणून डाळिंबाची साल मुद्दाम वापरतात, तेव्हा हा डाग साबणाने निघेल ही आशा नको.