हरिश्चंद्रगड व्हाया खिरेश्वर : कातळटप्प्याला नका घाबरू, त्याच्यापुढच्या पठाराला घाबरा

पायथ्याच्या खिरेश्वर गावातून हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाटेबद्दल बरंच वाचून आणि व्हिडिओ बघून गेलो होतो आणि सगळीकडे एकच पाल्हाळ, टोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा, रेलिंग घट्ट धरा, खाली बघू नका, कमजोर काळजाच्या लोकांनी जाऊ नये वगैरे. अहो तो टप्पा आहे अर्ध्या-पाऊण तासाचा, रेलिंग लावलेलं आहे, पाय ठेवायला खोबण्या आहेत, शूजला ग्रिप असेल तर काही होत नाही. पण त्याच्यानंतर गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत जे पठार तुडवायला लागतं त्याबद्दल प्रत्येकाने एकच ओळ लिहिलीये, "पुढे सोपी चाल आहे". सोपी चाल म्हणे! हे सगळं टाईप करतेय ते त्या एका ओळीसाठी, बाकी गडाचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. मी कल्याणची, तो बंगळुरूला. दोघांनीच कुठेतरी जायचं, नवरा-बायको-पोरं कुणी नाही, हे कित्येक वर्षं नुसतं बोलण्यात होतं, आधी माझी मुलं लहान, मग लॉकडाऊन, मग त्याचं लग्न, मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. शेवटी डिसेंबरातला एक शनिवार-रविवार त्याने पकडला आणि मला सांगितलं, ताई आता कारण सांगितलंस तर मी एकटा जाईन. दोघंही कॉलेजपासून डोंगरात फिरलोय त्यामुळे "नवख्यांना जमेल का" याचं उत्तर माझ्याकडे नाही. सिंहगड न थांबता चढता येत असेल तर पुढे वाचा.

कल्याणहून माळशेज मार्गे आळेफाटा किंवा नगरकडे जाणारी कुठलीही एसटी चालते, घाट चढून वर आल्यावर थोडं पुढे खुबी फाटा, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा नाहीतर गाडी पुढे जाते. मला हाफ तिकीट, त्याला फुल्ल, त्यावरून मुरबाडपर्यंत त्याची कुरकुर. शनिवारी पहाटेची गाडी भरलेली असते, आम्ही टोकावड्यापर्यंत उभे होतो.

आता पहिली फसवणूक. एका व्हिडिओत खुबी फाटा ते खिरेश्वर "जेमतेम अर्धा तास". ते अंतर आहे पाचेक किलोमीटर, पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून, पाठीवर सॅक घेऊन अर्ध्या तासात कोण जातं ते मला बघायचंय. आम्हाला तास उलटून गेला. फाट्यावर एक जीपवाला होता, दोघांचे पाचशे म्हणाला. पाच किलोमीटरचे पाचशे! नाही दिले. पण खरं सांगायचं तर त्या पाचशे रुपयांत सकाळचा एक थंड तास विकत मिळत होता आणि दुपारी पठारावर मी त्या तासासाठी हजारसुद्धा दिले असते. गावात चहा-पोहे, नागेश्वराचं जुनं देऊळ आहे ते बघाच, छताचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघावं असं आहे. या सगळ्यात निघायला दहा वाजले. दहा. म्हणून माझा पहिला सल्ला, शुक्रवारी रात्रीच खिरेश्वरात येऊन झोपा, गावात घरगुती सोय होते, आणि सहाला उजेड फुटायच्या आत चालायला लागा. रात्रीचा ट्रेक करणारेही खूप दिसतात, तो मात्र या वाटेवर नको, पठारावर दिवसासुद्धा ढोरवाटांचा गोंधळ आहे.

टोलार खिंडीपर्यंत झाडी आहे, चढ आहे पण सावलीत. खिंडीत वाघाचं शिल्प असलेला दगड आहे, तिथे सगळे बसतात, लिंबू सरबत मिळतं. सरळ गेलात तर कोथळ्याकडे उतराल, आपल्याला डावीकडे वर. मग तो सुप्रसिद्ध कातळटप्पा. इथे भीती कसली असेल तर गर्दीची. एका ग्रुपचे पन्नासेक जण, एकाच रंगाचे टीशर्ट, निम्म्यांच्या पायात जॉगिंगचे शूज, रेलिंग धरून प्रत्येकाचा फोटो, आणि त्यांचा लीडर वरून "कम ऑन गाईज" ओरडतोय. आम्ही उन्हात कातळाला टेकून उभे. भाऊ म्हणाला हे लोक उतरताना परत इथेच भेटणार, तिथेच ठरवलं की उतरायचं गडाच्या दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावाच्या वाटेने.

आणि मग पठार.

रेलिंग संपतं, वर येता, वारा लागतो, वाटतं झालं. समोर पिवळं गवत, मधे मधे कारवी, आणि एक टेकडी. ती चढलात की उतार, मग परत टेकडी. लोक सात टेकड्या म्हणतात, मी मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक टेकडीवर वाटतं आता देऊळ दिसेल आणि दिसते ती पुढची टेकडी. चढ एकही मोठा नाही, तेच वाईट आहे, चढ मोठा असता तर माणूस थांबत थांबत गेला असता, इथे थांबायला कारण सापडत नाही आणि पाय तर संपलेले असतात. सावली म्हणाल तर मोठं झाड मधे कुठेतरी एखादं, आणि त्याच्याखाली आधीच कुणीतरी झोपलेलं. पाणी नाही. डिसेंबरात ओढे आटलेले असतात, पावसाळ्यातले व्हिडिओ बघून "वाटेत पाणी भरपूर" असं समजू नका. आम्ही माणशी दोन लिटर नेलं होतं, ते पठाराच्या मध्यावरच तळाला गेलं. तीन लिटर घ्या. जड होतं म्हणून कमी करू नका, त्यापेक्षा ट्रायपॉड घरी ठेवा.

ट्रायपॉडचं सांगते. भाऊ रोज जिमला जातो, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसतो, आणि सॅकमध्ये ट्रायपॉड, पॉवर बँक दोन, कॉफी करायचं कायतरी यंत्र. शिवाय आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, ती एवढी की आख्खी एसटी जेवली असती. लहानपणापासून आमच्यात असं आहे की "थांबूया" हे आधी कुणी म्हणायचं नाही. त्यामुळे कितीतरी वेळ दोघंही गप्प, नुसते चालतोय, मी त्याच्या मागे त्याच्या सॅककडे बघत. मग एका उतारावर त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो खालीच बसला. ओआरएसची पाकिटं माझ्याकडे होती (जिमवाल्यांनो, पाकिटं ठेवत जा), अर्धी बाटली पाणी त्यातच गेलं. पाय चोळून दिला, ट्रायपॉड मी घेतला. त्याला म्हटलं बस जरा, तर म्हणतो, "ताई, तू म्हणालीस आधी, लिहून ठेव." अशा माणसाबरोबर ट्रेकला जाऊ नये खरंतर.

समोरून येणाऱ्यांना विचारू नका किती राहिलं. सगळे "आलंच, पंधरा मिनिटं" म्हणतात, चांगल्या मनाने म्हणतात, पण त्या पंधरा मिनिटांनीच माणूस खचतो. खिंडीपासून देवळापर्यंत आमचे साडेतीन तास गेले, कातळावरची गर्दी धरून. पाणी भरपूर आणि सकाळची वेळ असेल तर दोन-अडीच तासात होईल, त्याहून कमी कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

देवळाजवळ पोचलो तेव्हा मला हरिश्चंद्रेश्वराच्या आधी झुणका-भाकर दिसली. वरती झोपड्या टाकून जेवण देणारे सगळे पाचनईचे गावकरी आहेत, थाळीचे दोनशे घेतात. इथे घासाघीस करू नका प्लीज. पीठ, तेल, कांदे सगळं डोक्यावरून वर येतं आणि ती वाट मी दुसऱ्या दिवशी उतरले आहे. केदारेश्वराच्या गुहेत पाणी कंबरेएवढं आणि बर्फासारखं, चार खांबांतला एकच उरलाय त्याची गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच, मी एवढंच सांगते की पाय दुखत असतील तर त्या पाण्यात उतरा. भाऊ पाच मिनिटं उभा राहिला आणि त्याच्या पोटरीचं दुखणं गेलं ते गेलंच. पुष्करणीचं पाणी पिऊ नका.

कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या सरळ तुटलेल्या कड्यावर, टेंट भाड्याने मिळतात त्यामुळे खांद्यावर टेंट वाहून न्यायचा वेडेपणा करू नका, तोही खिरेश्वरने तर अजिबातच नाही. वीकेंडला आधी फोन करून ठरवा, ऐनवेळी गेलात तर सांगतील तो भाव. आम्हाला दोघांचे आठशे पडले, स्लीपिंग बॅग धरून, त्या बॅगची चेन तुटलेली. स्वतःची बॅग आणि कानटोपी न्या, रात्री वारा झोपू देत नाही. वारा नाही तर शेजारचा ब्लूटूथ स्पीकर. कड्यावर बसून मोठ्याने गाणी लावणाऱ्यांसाठी वेगळा गड बांधावा. सूर्यास्त अप्रतिम, तो सगळ्यांनी लिहिलाय. कड्याच्या टोकाला झोपून खाली बघायचं असेल तर सॅक काढा, पाय मागून कुणीतरी धरा, आणि भाऊ-बहीण असाल तर आधी भांडण मिटवून घ्या.

सकाळी उजाडताना तारामतीवर, म्हणजे गडाच्या सगळ्यात उंच शिखरावर, जा. 1429 मीटर आहे, देवळापासून फार वेळ लागत नाही. मी एकटी गेले, भाऊ झोपला होता. त्या तासाभरात मी इतकी खूश होते की खाली येऊन त्याला म्हटलं खिरेश्वरनेच उतरूया का, नशीब त्याने ऐकलं नाही.

पाचनईची वाट म्हणजे निव्वळ सुख, ओढ्याच्या कडेने, वर कातळाचं छप्पर, सावली, दोन तासात गावात. स्वतःची गाडी असेल तर सरळ पाचनईने चढा आणि उतरा, त्यात कमीपणा काही नाही, गड तोच आहे.

पण गाडी नसेल तर पाचनईत तुमची गंमत सुरू होते. आदल्या दिवशी वरून ओळखीने फोन लावून (नेटवर्क कड्यावर कुठेतरी एका कोपऱ्यात येतं) जीप सांगून ठेवली होती, राजूरपर्यंत नऊशे. उतरल्यावर तोच माणूस पंधराशे म्हणतो. का, तर रविवार आहे. शनिवारी फोनवर त्याला रविवार माहीत नव्हता का? दुसरी जीप नाही, एसटी दुपारी येईल असं एकजण म्हणाला, नाही येणार असं दुसरा. मी हट्टाला पेटले आणि पारावर बसून राहिले, आईच्या दशम्या तेव्हा संपल्या. तासाभराने नाशिकची चार मुलं उतरली, त्यांना बरोबर घेतलं, सहाजणांत बाराशेवर तोडलं, म्हणजे माणशी दोनशे. तेव्हा पाचनईत एकटे-दुकटे उतरलात तर जीप लगेच ठरवू नका, मागून लोक येतातच. आणि फोनवर भाव ठरवलात तर त्याच्याकडून मेसेज मागा, बोलण्याला अर्थ नाही. राजूरपर्यंतचा रस्ता पाठीचे मणके मोजून घेतो, पुढच्या सीटसाठी भांडा.

राजूरहून घोटीची एसटी, घोटीहून शेअर जीपने कसारा. रविवारी संध्याकाळी मधल्या कुठल्या स्टेशनच्या नादी लागू नका, कसाऱ्याहूनच लोकल पकडा, ती तिथूनच सुटते आणि खिडकी मिळते. भावाची फ्लाईट सोमवारी पहाटेची होती, तो आसनगावच्या आत झोपला. पुढच्या वेळी कळसूबाई म्हणतोय. मी म्हटलंय, ट्रायपॉड तू उचलणार असशील तर.