गुडमन थिएटरमधला स्क्रूज

आज दुपारी शिकागोच्या गुडमन थिएटरमध्ये ‘अ ख्रिसमस कॅरोल’चा प्रयोग पाहिला. १९७८ पासून हे नाट्यगृह दर नाताळच्या मोसमात ही गोष्ट सादर करत आले आहे, आणि कंजूष स्क्रूजचे शेवटी काय होते हे ठाऊक नसलेला प्रौढ प्रेक्षक सभागृहात क्वचितच असेल. तरीही स्क्रूजचा मृत भागीदार जेकब मार्ले याचे भूत प्रकटले तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलांइतकाच मीही दचकलो.

इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सची ही छोटेखानी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली, सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली आणि पुढच्याच फेब्रुवारीत तिची नाट्यरूपे लंडनच्या रंगभूमीवर आली. यात नवल नाही, कारण एका रात्रीत तीन भुते एकामागून एक येणे ही मांडणीच नाटकाची आहे. मला सर्वांत भावते ते भविष्यकाळाचे भूत. मूळ गोष्टीत ते एक शब्दही बोलत नाही, नुसता हात पुढे करते, आणि त्यामुळे त्या प्रवेशाचा सारा भार स्क्रूज साकारणाऱ्या नटावर येऊन पडतो.

अमेरिकेतल्या अनेक प्रादेशिक नाट्यसंस्थांना वर्षाअखेरीच्या या एका नाटकाच्या तिकीटविक्रीचा मोठा आधार असतो. चिक्कू म्हाताऱ्याच्या गोष्टीने नाट्यगृहांचा गल्ला भरावा, ही गंमतच म्हणायची! खुद्द डिकन्सला मात्र पहिल्या आवृत्तीच्या महागड्या छपाईमुळे अपेक्षेपेक्षा फारच कमी नफा झाला होता.