शिट्टी गेली, आणि भैरव रूपक तालात शिरला

मंडळी, माझ्या रेकॉर्डिंगमधली शिट्टी गेली. काल रात्री ऑडिओ इंटरफेसचा (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डब्याचा) गेन पूर्ण चढवून, क्लोनवर (टीबी-३०३ या बेस सिंथच्या नकलेवर) एकही सूर न वाजवता हेडफोन लावले, तर प्रीअँपची स्वतःची बारीक खरखर तेवढी उरली होती. मागच्या लॉगमधल्या भैरवच्या टेकमध्ये कोमल ऋषभामागे सतत ‘टीं’ वाजत होतं आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते लगेच जाणवलं होतं. आजचा लॉग मुख्यतः त्याच्यावरच आहे.

आधी लक्षण. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर १०००, २०००, ३००० हर्ट्झवर रेघा, कुंपणाच्या काठ्यांसारख्या समान अंतरावर. आपल्या विजेची गुणगुण असती तर ५० आणि १०० वर दिसली असती. नेमकी १००० वर रेघ दिसली की संशय यूएसबीवर घ्यायचा. फुल-स्पीड यूएसबीवर लॅपटॉप दर मिलिसेकंदाला एक फ्रेम पाठवतो, म्हणजे सेकंदाला हजार. तेवढ्या वेळा करंट हलतो आणि त्याच्याबरोबर ग्राउंडही (सगळ्या यंत्रांचा सामायिक शून्य). माझ्याकडे क्लोन क्लॉकसाठी (ताल जुळवणाऱ्या संकेतासाठी) यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला, त्याचा ऑडिओ इंटरफेसला आणि इंटरफेस पुन्हा यूएसबीने त्याच लॅपटॉपला. वर्तुळ पूर्ण, म्हणजेच ग्राउंड लूप. अनबॅलन्स्ड केबलमध्ये शील्ड (तारेभोवतीची धातूची जाळी) हाच सिग्नलचा दुसरा पाय असतो, त्यामुळे शील्डमधून जे वाहतं ते थेट रेकॉर्ड होतं. प्रत्येक यंत्र एकेकटं वाजवलं की स्वच्छ, सगळी जोडली की शिट्टी. डोकं फिरायची वेळ येते ती याच्यामुळे.

फेराइटचे मणी केबलला लावून काही होत नाही. ते मेगाहर्ट्झमधला कचरा अडवतात, एक किलोहर्ट्झ त्यांच्या हिशोबातच नाही. वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी हबही निरुपयोगी, कारण वीज वेगळी आली तरी ग्राउंड तेच राहतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की गुणगुण कमी होते, शिट्टी तशीच. आणि कोणी प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे, आवाज सुधारण्यासाठी नाही.

गाड्यांच्या स्टिरिओसाठी मिळणारा तो छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर लावल्यावर शिट्टी एका क्षणात थांबली. आनंद पहिला किक (ड्रमचा खालचा, जाड ठोका) वाजेपर्यंतच टिकला. आतला ट्रान्सफॉर्मर नखाएवढा. जोरकस खालचा सूर आला की त्याचा गाभा सॅच्युरेट होतो आणि किकचं पोटच नाहीसं होतं. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला चालेल, आपल्याला नाही.

तोडगा निघाला जुन्या पाच पिनांच्या मिडीत, म्हणजे वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या जोडणीत. डिन (गोल प्लगच्या) मिडीच्या इनपुटला ऑप्टोकपलर असतो, म्हणजे ६एन१३८ सारखी चिप. एका बाजूला एलईडी लुकलुकतो, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड तो पाहतो, मध्ये तांब्याचा धागाच नाही. १९८३ पासूनची ही योजना आजही मला यूएसबीपेक्षा सरस वाटते. म्हणून क्लोनची यूएसबी काढून टाकली आणि इंटरफेसच्या मिडी आउटमधून क्लॉक दिलं. शिट्टी उतरली, पण पुरती गेली नाही!

शेवटी मल्टिमीटर घेऊन बसलो. नियमाप्रमाणे मिडी केबलची शील्ड, म्हणजे पिन २, फक्त पाठवणाऱ्या बाजूला ग्राउंडला जोडायची. घेणाऱ्या बाजूला मोकळी ठेवायची. माझ्याकडे घेणाऱ्या बाजूलाही बीप वाजला, म्हणजे ती तिथेही जोडलेली. मग त्या टोकाचा डिन प्लग उघडला, सिग्नलच्या ४ आणि ५ ला हात न लावता पिन २ वरची शील्ड कापली आणि वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवलं. नॉइज फ्लोअर (काही न वाजताही उरणारा आवाज) उणे ५० डेसिबलच्या आसपास होता, तो उणे ८० च्या खाली गेला.

प्लग घ्यायचे तर धातूच्या कवचाचे घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळाले. प्लास्टिकच्या प्लगमध्ये सोल्डरिंग करताना प्लास्टिक वितळून पिना तिरक्या होतात. ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त यूएसबी-मिडी केबलपासूनही लांब राहा. त्यांतल्या अनेकांत ऑप्टोकपलरच नसतो.

हे लिहिता लिहिता वाटलं, लॅपटॉपने क्लॉक द्यावंच कशाला? त्याला फक्त टेप म्हणून वापरू. लिहिणं थांबवून ड्रम मशीनचं सिंक आउट क्लोनच्या सिंक इनला जोडून पाहिलं. साधी साडेतीन मिलिमीटरची केबल, इथे ग्राउंड जोडलं जातं, पण त्या दोघांत यूएसबी कुठेच नाही. शांत! आणि टाइमिंग लॅपटॉपच्या क्लॉकपेक्षा घट्ट.

त्यातून आणखी एक गोष्ट हाती आली. हे सिंक दोन पीपीक्यूएनचं (एका क्वार्टर नोटला दोन पल्स), म्हणजे पॅटर्नच्या दर दोन स्टेपना (घरांना) एक पल्स. पॅटर्न १४ स्टेपचा केला की बरोबर सात पल्स, आणि प्रत्येक पल्स म्हणजे एक मात्रा. रूपक ताल! बॉलिवूडचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथवर राग वाजवले ते डिस्कोच्या ठेक्यावर, आणि मीही आजवर त्याच चार-चारच्या वाटेने चाललो होतो. भैरवचा १६ स्टेपचा आराखडा मी आता बाजूला ठेवतोय.

रूपकाची सम ‘खाली’ (टाळीविना) असते: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. म्हणून स्टेप १ आणि ३ वर फक्त बंद हॅट (झांजेचा छोटा आवाज), ५ वर रिमशॉट (ड्रमच्या कडेचा ठोका) आणि किक थेट ७ व ११ वर. समेवर किक नाही ही कल्पना कानाला सुरुवातीला खटकते, मग तिचीच ओढ लागते. क्लोनच्या स्लाइडची (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) वेळ ठरलेली असते, टेम्पो काहीही ठेवा. १२० वर एक स्टेप १२५ मिलिसेकंदांची होते, आणि कोमल ऋषभावरून षड्जावर येताना स्लाइड तिचा बराच भाग व्यापते. संथ टेम्पोत जो झटका वाटायचा तो इथे मींडेच्या जवळ जातो.

पुढचा टेक डाव्या ट्रॅकवर क्लोन, उजव्यावर ड्रम असा घेणार आहे, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड ७/८. व्होल्का कीज या छोट्या सिंथवर सा-पचा ड्रोनही हवा आहे, पण इंटरफेसला इनपुट दोनच, तेव्हा तो आधी टेपवर (म्हणजे लॅपटॉपवर) घ्यावा लागेल. किक न खाणारे मोठ्या गाभ्याचे १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवर कोणी अलीकडे घेतले असतील तर कुठले ते सांगा, डीआय (सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून वेगळा करून देणारा डबा) घरीच बनवायचा विचार आहे.